होम फ्रंटच्या संग्रहालयात मुलांना नेताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ब्रिटनमध्ये शनिवारी किंवा रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांच्या सहली दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयात वरचेवर जातात. अशा काही सहलींची आखणी मी स्वतः केली आहे, काहींत मदतनीस म्हणून गेले आहे, आणि बहुतेक वेळा गाडी एकाच जागी अडताना पाहिली आहे. तारीख ठरते, बस ठरते, डबे ठरतात. पण मुलांनी तिथे नेमके काय शोधायचे, हे संग्रहालयाच्या दारात पोहोचेपर्यंत कोणी ठरवलेले नसते. मग मुले रणगाड्याभोवती गर्दी करतात, छताला टांगलेले विमान पाहतात, आणि घरी आल्यावर ‘युद्ध पाहिले’ असे सांगतात. आठवड्याला दोन औंस चहावर चालणारे स्वयंपाकघर, परसात अर्धा जमिनीत पुरलेला पत्र्याचा निवारा, खिडकीचा काळा पडदा हे सगळे बाजूच्या दालनात तसेच राहून जाते.

होम फ्रंट म्हणजे रणांगणापासून दूर, स्वयंपाकघरात, परसात, शाळेत आणि कारखान्यात चाललेले युद्ध. आठ ते अकरा या वयोगटातील मुलांना ते दाखवण्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. हा क्रम बदलू नये, कारण पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. सहलीच्या किमान सहा आठवडे आधी सुरुवात करावी.

टप्पा १: आधी प्रश्न ठरवा, संग्रहालय नंतर

पहिले काम कागदावर एकच वाक्य लिहिण्याचे आहे: ‘या सहलीनंतर मुलांना कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे?’ मी बहुतेक वेळा ‘एक घर, एक आठवडा’ ही चौकट वापरते. चार माणसांचे एक कुटुंब, आई, आजी आणि दोन मुले, वडील सैन्यात, साल १९४१. सोमवार ते रविवार या घरात काय शिजले, कोण कुठे झोपले, काय विकत मिळाले आणि काय मिळाले नाही, एवढाच प्रश्न. त्यात रेशन येते, निवारा येतो, ब्लॅकआऊट (शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून रात्री उजेड झाकणे) येतो, शाळा आणि कपडेही येतात, आणि तरीही मुलांच्या हातात एकच धागा राहतो.

‘दुसरे महायुद्ध’ हा विषय घेऊन निघालेली सहल हमखास पसरते. शिवाय इंग्लंडमधील बहुतेक मुलांनी हा विषय आपल्या नेहमीच्या शाळेत एकदा तरी केलेला असतो. मराठी शाळेने तोच धडा पुन्हा गिरवला, तर दहा वर्षांचे मूल पहिल्याच दालनात ‘हे आम्ही केले आहे’ म्हणून मोकळे होते. आपल्या सहलीत असे काही हवे, जे त्या शाळेत झाले नसेल. ते काय असू शकते, हे चौथ्या टप्प्यात येईल.

तपासणी: तुमचा प्रश्न मदतीला येणाऱ्या दोन पालकांना वाचून दाखवा. दोघांनी तो आपल्या शब्दांत सारखाच सांगितला, तर पुढे जा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर प्रश्न अजून मोठा आहे.

टप्पा २: संग्रहालयाची निवड आणि आरक्षण

येथे होणारी सर्वांत मोठी चूक नावामुळे होते. इम्पीरियल वॉर म्युझियम ही एक इमारत नसून पाच ठिकाणे आहेत: लंडनमधील लॅम्बेथचे मुख्य संग्रहालय, मँचेस्टरजवळचे उत्तर केंद्र, डक्सफर्डचा विमानतळ, चर्चिल वॉर रूम्स आणि थेम्स नदीतील एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका. चर्चिल वॉर रूम्समध्ये मंत्रिमंडळाने युद्ध कसे चालवले हे दिसते, डक्सफर्डला विमाने दिसतात आणि बेलफास्टवर नौसैनिकांचे जीवन. तिन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, पण सामान्य घराचा आठवडा हा तुमचा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर तेथे सापडणार नाही.

लंडनच्या मुख्य संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, म्हणून अनेक शाळा आरक्षणाशिवाय, कुटुंबे आल्यासारखी, तुकड्यातुकड्यांनी जातात. असे करू नये. शाळेचा गट म्हणून नोंद केली की पोहोचण्याची वेळ, दप्तरे ठेवण्याची जागा आणि डबा खाण्याची सोय यांबद्दल आधी बोलता येते. नोंद नसलेल्या तीस मुलांना पावसाळी शनिवारी यांपैकी कशाचाही भरवसा नसतो.

माझे मत विचाराल, तर पहिल्या सहलीसाठी मोठ्या संग्रहालयापेक्षा आपल्या गावातील किंवा बरोमधील लहान संग्रहालय चांगले. तेथे स्थानिक कुटुंबाने दिलेले रेशन पुस्तक असते, त्यावर दुकानदाराचा शिक्का असतो, आणि ते दुकान ज्या रस्त्यावर होते तो रस्ता मुलांच्या पायाखालचा असतो. अनेक संग्रहालये वस्तूंची पेटी शाळांना काही आठवड्यांसाठी उसनी देतात. तशी मिळत असेल तर ती सहलीच्या आधी मागवावी, नंतर नव्हे. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये मॉल्टनजवळचे ईडन कॅम्प ही मूळची युद्धकैद्यांची छावणी आहे. तेथे प्रत्येक बराकीत एक विषय मांडलेला असल्याने चौकट निवडणे सोपे जाते. स्टॉकपोर्टचे निवारे वालुकाश्मात खोदलेले आहेत. जमिनीखाली गार हवा असते, तेव्हा जूनमध्येही स्वेटर न्यावा. कोणतेही ठिकाण निवडले, तरी ते त्या तारखेला उघडे आहे का आणि कोणते दालन दुरुस्तीसाठी बंद आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

सावधान: लंडनच्या मुख्य संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धाची दालने पहिल्या मजल्यावर आहेत आणि त्यांच्या वर दुसऱ्या मजल्यावर ज्यूंच्या संहाराची दालने आहेत. ही वरची दालने चौदा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाहीत, असे संग्रहालयच सांगते. जिन्यावरून भरकटलेला एक गट तेथे सहज पोहोचू शकतो. आपला मजला कोणता आणि कोणत्या जिन्याने वर जायचे नाही, हे प्रत्येक मदतनिसाला ठाऊक असले पाहिजे.

टप्पा ३: एकट्याने आधी जाऊन या

हा टप्पा गाळू नये. नकाशा पाहून किंवा संकेतस्थळावरील चित्रे पाहून आखलेली सहल पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडते. जमल्यास सहल ज्या वारी आहे त्याच वारी आणि त्याच वेळेला जा, कारण मंगळवारी दुपारचे रिकामे दालन आणि शनिवारी सकाळचे दालन यांत फार अंतर असते.

या फेरीत तुमच्या ‘एका घरा’ला लागतील अशा पाचच वस्तू निवडा. रेशन पुस्तक, गॅस मास्कची पुठ्ठ्याची पेटी, निवाऱ्याचा भाग किंवा नमुना, पुन्हा पुन्हा शिवलेला एखादा कपडा, आणि ब्लॅकआऊटशी संबंधित काहीतरी, ही माझी नेहमीची यादी आहे. प्रत्येक वस्तू ज्या काचपेटीत आहे, तिच्यासमोर सहा मुले एकावेळी उभी राहू शकतात का ते पाहा. पेटी आठ वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर आहे का, हे गुडघ्यावर बसून पाहावे लागते. मोठ्यांना स्पष्ट दिसणारे रेशन पुस्तक कित्येकदा मुलांना फक्त काचेवरचे प्रतिबिंब म्हणून दिसते.

याच फेरीत भोंगे, बॉम्बचे आवाज, धूर किंवा अंधार यांचा वापर कुठे होतो ते टिपून घ्या. तुमच्या वर्गात आवाजाचा त्रास होणारे, किंवा स्वतःच युद्धातून निसटून आलेल्या घरातील मूल असू शकते. त्या मुलाला तो भाग कोणत्या मार्गाने टाळता येईल, हे आधी ठरलेले असावे. आयत्या वेळी त्याला सर्वांसमोर बाजूला काढणे फार वाईट.

तपासणी: घरी परत आल्यावर पाच वस्तूंच्या नावांपुढे दालन, उभे राहण्याची जागा आणि लागणारा वेळ लिहा. एकूण वेळ पंचेचाळीस मिनिटांच्या वर जात असेल, तर एक वस्तू काढून टाका.

टप्पा ४: मुलांची तयारी, तीन तासिकांत

सहलीचे यश या तीन तासिकांवर ठरते, म्हणून त्यांना पूर्ण वेळ द्यावा. घाई असेल तर सहल पुढे ढकलावी, पण तासिका कमी करू नयेत.

पहिली तासिका तराजूची. स्वयंपाकघरातील वजनकाटा, चहा पावडर, साखर आणि लोणी वर्गात आणा. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले आणि जुलै १९४० मध्ये चहा त्यात आला. प्रमाण अधूनमधून बदलत असे, पण ढोबळ मानाने एका माणसाला आठवड्याला २ औंस चहा, ८ औंस साखर आणि २ औंस लोणी मिळे, असे धरून चालता येते. मुलांना ५७ ग्रॅम चहा पावडर स्वतः तोलू द्या. एका कपाला ३ ग्रॅम धरले तर १९ कप होतात, म्हणजे दिवसाला तीन कपही नाहीत. मग २२७ ग्रॅम साखर तोला. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर दिवसाला जेमतेम सहा चमचे येतात, आणि त्यातच चहा, खीर, केक सगळे भागवायचे. एका वाटीच्या शिऱ्याला किती साखर लागते ते घरी विचारून यायला सांगा. तो आकडा मुलांच्या लक्षात जितका राहतो, तितके आणखी काहीच राहत नाही.

‘आम्ही तर मांस खातच नाही, मग आमचे काय?’ हा प्रश्न आपल्या वर्गात हमखास येतो आणि त्याचे खरे उत्तर आहे. शाकाहारी म्हणून नोंद करणाऱ्यांना मांस आणि बेकनवरचा हक्क सोडावा लागे आणि बदल्यात जास्त चीज मिळे. बटाटे, इतर भाज्या आणि पाव यांवर युद्धकाळात रेशन नव्हते. मात्र कांदा आयात होत असल्याने १९४० नंतर तो दुर्मीळ झाला, आणि केळी जवळजवळ दिसेनाशी झाली. कांद्याशिवाय आपल्या घरात आठवडाभर काय काय करता येईल, याची यादी मुलांना करायला लावा.

दुसरी तासिका जमिनीवरची. खडूने किंवा चिकटपट्टीने फरशीवर अँडरसन निवाऱ्याचा आयत काढा: लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट. हा नालीदार पत्र्याचा निवारा परसात सुमारे चार फूट खोल खणून बसवत आणि वर माती टाकत; त्यात सहा माणसे मावतील असा हिशेब होता. वर्षाला २५० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांना तो मोफत मिळे, इतरांना ७ पौंडांना. सहा मुलांना त्या आयतात बसवा आणि पाच मिनिटे बाहेर पाय न काढता बसायला सांगा. हिवाळ्यात त्यात पाणी साचत असे, हे त्या पाच मिनिटांच्या शेवटी सांगा. ज्यांना परसच नव्हते, त्यांचे काय, हे मुले आपणहून विचारतात. मार्च १९४१ पासून मिळू लागलेला मॉरिसन निवारा घरातच टेबलासारखा ठेवत. त्याचा आयत साडेसहा फूट बाय चार फूट आणि उंची फक्त अडीच फूट. दोन्ही आयत शेजारी शेजारी काढले तर तुलना शब्दांशिवाय होते.

हे संग्रहालयात करता येणार नाही का, असे एका पालकाने मला विचारले होते. संग्रहालयातील मूळ निवाऱ्यात सहसा शिरू देत नाहीत, आणि शिरू दिले तरी रांगेत अर्धा तास जातो. देहाने घेतलेले माप आधी झालेले असेल, तर काचेपलीकडचा निवारा मुले वेगळ्याच नजरेने पाहतात.

तिसरी तासिका आजी-आजोबांची. पहिल्या टप्प्यात म्हटलेली, नेहमीच्या शाळेत न होणारी गोष्ट हीच. आपल्या मुलांच्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी डिसेंबर १९७१ मधील मुंबईचा ब्लॅकआऊट लहानपणी पाहिला आहे: खिडक्यांना लावलेले काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना फासलेला काळा रंग, भोंगा वाजल्यावर दिवे घालवणे. जे मुंबईत नव्हते त्यांना रेशनचे दुकान, साखरेची आणि रॉकेलची रांग आठवते. प्रत्येक मुलाने व्हिडिओ कॉलवर आजी किंवा आजोबांना चार प्रश्न विचारून उत्तरे मराठीत लिहून आणावीत: घरात उजेड कसा झाकत होता? रेशनवर काय मिळायचे? रांगेत कोण उभे राहायचे? तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटली? या निमित्ताने भोंगा, निवारा, रॉकेल, रांग, टंचाई हे शब्द मुलांच्या तोंडी बसतात आणि संग्रहालयात ते वापरता येतात.

सावधान: दोन अनुभवांची तोलमोल करू नये. लंडनवर ७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री बॉम्बफेक झाली. तसे १९७१ मध्ये मुंबईत घडले नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावे. आजोबांचा काळा कागद हा तो पडदा समजून घेण्याची पायरी आहे, त्याची बरोबरी नव्हे.

मोठ्या मुलांसाठी एक प्रश्न आणखी जोडता येतो: तो ५७ ग्रॅम चहा ब्रिटनमध्ये कोणी आणला? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते, आणि त्यांत कोकणातील व गोव्यातील माणसेही होती. पाणबुड्यांच्या हल्ल्यांत जहाजे बुडाली तेव्हा तीही बुडाली. मुंबईतही त्याच काळात, १९४३ मध्ये, रेशनिंग सुरू झाले आणि १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. संग्रहालयात यातले काही मांडले आहे की नाही, हे मुलांनी शोधावे. नसेल, तर तेही वहीत लिहावे.

टप्पा ५: मदतनीस पालकांची तयारी

मदतनीस पालक हे फक्त मुले मोजण्यासाठी आहेत, असा समज सर्वांचाच असतो आणि त्यातून बरेच नुकसान होते. काचपेटीसमोर मूल प्रश्न विचारते तो त्या पालकालाच. म्हणून सहलीच्या आठवडाभर आधी एक तासाची बैठक घ्यावी आणि नेहमी चुकीची सांगितली जाणारी उत्तरे तेथेच दुरुस्त करावीत.

‘युद्ध संपले आणि रेशन संपले’ हे चूक आहे. युद्ध १९४५ मध्ये संपले, रेशनिंग ४ जुलै १९५४ पर्यंत चालले, आणि युद्धकाळात मोकळा असलेला पाव जुलै १९४६ मध्ये, म्हणजे युद्धानंतर, रेशनवर आला. ‘सगळे लंडनकर भुयारी रेल्वेत झोपत’ हेही चूक. नोव्हेंबर १९४० मध्ये केलेल्या मोजणीत भुयारी स्थानकांत झोपणाऱ्यांचे प्रमाण साधारण ४ टक्के निघाले; बहुतेक माणसे घरीच होती. ‘सगळ्या मुलांना सक्तीने गावी पाठवले’ हे तिसरे. १ सप्टेंबर १९३९ पासून काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे शहरांतून हलवली गेली, पण मुलांना पाठवणे आई-वडिलांच्या इच्छेवर होते. सुरुवातीचे काही महिने बॉम्ब पडले नाहीत, म्हणून पुष्कळ मुले जानेवारी १९४० पर्यंत घरी परतलीही होती. पालकांना ठाऊक नसेल, तर ‘मला माहीत नाही, वहीत लिहू आणि शोधू’ असे म्हणायला सांगावे.

कागदपत्रांचे काम थोडक्यात: प्रत्येक मुलाचे संमतीपत्र, तातडीच्या संपर्काचा क्रमांक, ॲलर्जी व औषधे, छायाचित्रांची परवानगी, धोक्यांचा लेखी आढावा, आणि शाळेचा विमा वर्गाबाहेरच्या कार्यक्रमाला लागू आहे याची खात्री. मुलांसोबत एकटे राहणाऱ्या स्वयंसेवकांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची सरकारी पडताळणी, झालेली असावी. आम्ही सहा मुलांमागे एक मोठे माणूस आणि गटाबाहेर एक मोकळे माणूस ठेवतो. कोणाला शौचालयात न्यायचे असेल किंवा कोणी मागे राहिले, तर ते मोकळे माणूस जाते आणि बाकीचे गट हलत नाहीत.

सावधान: काही पालक उत्साहाने घरातला किंवा ऑनलाइन विकत घेतलेला जुना गॅस मास्क घेऊन येतात. युद्धकाळातील मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकते. मूळ मास्क कोणत्याही मुलाने किंवा मोठ्याने तोंडाला लावू नये, हाताळूही नये. संग्रहालयातील हाताळणीच्या सत्रात मास्क असेल तर तो प्रतिकृती आहे, किंवा तपासून सुरक्षित केलेला आहे, हे आधी लेखी विचारावे.

टप्पा ६: सहलीचा दिवस

लंडनमध्ये शनिवार-रविवारी रेल्वेची दुरुस्ती निघते आणि अख्खा मार्ग बंद होतो, म्हणून गुरुवारी रात्री मार्ग पुन्हा पाहून दुसरा मार्गही लिहून ठेवावा. नाव लिहिलेले बिल्ले मुलांच्या छातीवर लावू नयेत. शाळेचे नाव आणि शिक्षकांचा फोन असलेली मनगटपट्टी पुरते.

आत गेल्यावर आधी दप्तरे ठेवा, शौचालयात जाऊन या, पाणी प्या, आणि मगच दालनात शिरा. पहिली दहा मिनिटे मुलांना काहीही काम देऊ नये. रणगाडा आणि विमान ती पाहणारच. ती पाहून झाली की मन मोकळे होते. त्यानंतर गट करून पाच वस्तूंकडे निघावे, आणि प्रत्येक गटाने वेगळ्या वस्तूपासून सुरुवात करावी, म्हणजे एकाच पेटीसमोर गर्दी होत नाही.

प्रत्येक वस्तूसमोर पहिली दोन मिनिटे फलक न वाचता फक्त पाहायचे. मग चार प्रश्न: ही कशाची बनली आहे? कोणी वापरली असेल? झीज कुठे दिसते? ही मूळ आहे की प्रतिकृती? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कोटाच्या कोपराला लावलेले ठिगळ, रेशन पुस्तकाचा मऊ पडलेला कोपरा, पेटीचा दोरा घासून गेलेली जागा, यांतून मुले माणसापर्यंत पोहोचतात. कपड्यांचे रेशन १ जून १९४१ रोजी सुरू झाले आणि पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने होती, हे ठिगळ पाहिल्यानंतर सांगावे. आधी सांगितले तर तो नुसता आकडा राहतो. छायाचित्राऐवजी चित्र काढायला लावा. चित्र काढताना डोळा वस्तूवर राहतो, फोन हातात असला की पडद्यावर.

वीस-पंचवीस प्रश्नांची छापील प्रश्नपत्रिका देऊ नये. मुले फलकांवरची वाक्ये उतरवत एका पेटीकडून दुसरीकडे पळतात आणि वस्तूकडे मान वर करून पाहतही नाहीत. एका कागदावर पाच रिकाम्या चौकटी आणि ‘आपल्या घराला याचा उपयोग काय?’ ही एक ओळ पुरेशी आहे.

सावधान: गावी पाठवलेल्या मुलांचे नाटक करताना ‘यजमान मुले निवडतात’ हा, म्हणजे गावातील कुटुंबे रांगेतून हवे ते मूल निवडून घरी नेतात असा, खेळ घेऊ नये. एका सत्रात शेवटपर्यंत कोणी न निवडलेली मुलगी माझ्या शेजारी उभी होती. खेळ संपल्यावरही ती बोलेना, आणि त्या दिवसाचे आमचे बाकीचे सगळे काम तेथेच थांबले. असे सत्र संग्रहालयाच्या कार्यक्रमात असेल, तर आधीच नम्रपणे नको म्हणावे. त्याऐवजी पिशवी भरण्याचा खेळ घ्यावा. पाठवल्या जाणाऱ्या मुलांना दिलेल्या यादीत गॅस मास्क, बदलायचे कपडे, रात्रीचे कपडे, मोजे, दात घासायचा ब्रश, कंगवा, टॉवेल, साबण, रुमाल आणि गरम कोट अशा वस्तू होत्या. तेवढ्यावर आणखी एकच वस्तू नेता आली तर कोणती, हे ठरवताना मुले बराच वेळ विचार करतात.

डबा खाल्ल्यानंतर मुलांची ताकद निम्मी उरते. दुपारी नवीन दालन घेऊ नये. सकाळच्या पाचपैकी एकाच वस्तूकडे परत जाऊन ती दुसऱ्या गटाला मराठीत समजावून सांगायची, एवढेच ठेवावे. दुकानात जायचे असेल तर पैशांची मर्यादा आधी ठरवलेली असावी, आणि दुकान बाहेर पडण्यापूर्वी शेवटी. सुरुवातीला दुकान पाहिलेली मुले दिवसभर दुकानाचाच विचार करतात.

तपासणी: निघताना मुले दोनदा मोजा, एकदा दालनाबाहेर आणि एकदा बसमध्ये बसल्यावर, आणि दोन्ही वेळा मोजणारे माणूस वेगळे असावे.

टप्पा ७: परत आल्यावरचे दहा दिवस

सहलीनंतर ‘मी गावी पाठवलेले मूल आहे’ अशी कल्पित डायरी लिहायला सांगण्याची पद्धत आहे. माझ्या अनुभवात तीस मुलांच्या तीस डायऱ्या जवळजवळ एकसारख्या निघतात: रेल्वे, रडणारी आई, गाव, गाय. त्यापेक्षा ज्या आजीला किंवा आजोबांना तिसऱ्या तासिकेत प्रश्न विचारले, त्यांनाच पत्र लिहावे. पाहिलेल्या पाच वस्तूंपैकी एक निवडायची, ती कशी होती, झीज कुठे होती, ती कोणाच्या घरात असेल ते सांगायचे, आणि शेवटी एक नवा प्रश्न विचारायचा. पत्र खऱ्या माणसाला जाणार असल्याने मुले शब्द शोधतात, व्याकरण विचारतात, आणि ‘झीज’ हा शब्द कुठलाही धाक न दाखवता शिकतात. पत्रे दहा दिवसांच्या आत पोस्टात पडावीत. त्यापुढे उत्साह ओसरतो आणि वह्या बंद होतात.

याच दहा दिवसांत एका पानावर ‘आमच्या घराचा आठवडा’ पूर्ण करून घ्यावा: सोमवारी काय शिजले, बुधवारी किती साखर उरली, शनिवारी रात्री कोण निवाऱ्यात कुठे बसले. आकडे पहिल्या तासिकेतील तराजूवरून आणि संग्रहालयात पाहिलेल्या रेशन पुस्तकावरून यावेत. जेथे मूल अंदाज करते, तेथे ‘अंदाज’ असे कंसात लिहायला शिकवावे. कोणती गोष्ट पाहिली आणि कोणती कल्पिली, हा फरक याच वयात सवयीचा होतो.

शिक्षकांसाठी शेवटचे काम एका फाइलचे आहे. पाच वस्तूंची यादी, दालनांचे नकाशे, प्रत्यक्ष लागलेला वेळ, कोणत्या काचपेटीची उंची जास्त होती, कोणत्या कोपऱ्यात भोंगा वाजतो, डबा खाण्याच्या खोलीत किती खुर्च्या आहेत, कोणत्या मदतनिसाने मुलांना चांगले सांभाळले, हे सगळे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकांच्या हाती द्यावे. संग्रहालयाच्या शिक्षण विभागालाही दोन ओळी पाठवाव्यात: कोणते सत्र उपयोगी पडले, कोणता प्रश्न मुलांनी विचारला आणि अनुत्तरित राहिला. आमच्या एका सहलीनंतर मुलांनी विचारलेला चहाच्या जहाजांचा प्रश्न आम्ही असाच कळवला होता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा सत्र घेणाऱ्या बाई खलाशांची दोन छायाचित्रे घेऊन आल्या होत्या.